पहिले पाचशे किलोमीटर

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी पुतण्याने तात्यांची जावा पुन्हा दारात आणून उभी केली. इंजिन पुरते खोलून नव्याने बांधले होते. मागच्या नंबरप्लेटखाली त्याने एक पुठ्ठा तारेने बांधला होता, त्यावर 'रनिंग-इन' असे शब्द. गल्लीतल्या एका पोराने विचारले, "काका, म्हणजे काय हो? गाडी तर पळालीय." त्याला मी दोन वाक्यांत काहीबाही सांगितले; पण खरे उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही. त्यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे आणि १९७४ सालची माझी एक चूक आहे.

इतिहासापासून सुरुवात करतो. चूक सांगायला थोडे बळ लागते.

इंजिनाचा जीव सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामधल्या फटीत असतो. फट मोठी असली तर दाब निसटतो. नसलीच तर पिस्टन अडकतो. जेम्स वॅटचे वाफेचे इंजिन बराच काळ कागदावर उत्तम आणि प्रत्यक्षात अडखळणारे राहिले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे त्या काळी खरा गोल आणि सरळ सिलिंडर कोणाला कापता येत नव्हता. इंग्लंडमधल्या जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने १७७५ च्या सुमारास दोन्ही टोकांना आधार असलेल्या दांड्यावर हत्यार बसवून सिलिंडर कोरायचे यंत्र केले, तेव्हा वॅटचे इंजिन मार्गी लागले. तरीही फट उरेच. ती बुजवायला पिस्टनभोवती चरबीत भिजवलेला ताग गुंडाळत. १८५२ साली जॉन रॅम्सबॉटम या रेल्वेच्या इंजिनियरने धातूची, एका जागी चिरलेली, स्वतःच्या ताणाने बाहेर फाकणारी रिंग आणली. आज आपल्या मोटारसायकलीच्या पिस्टनवर असते ती रिंग त्याच कुळातली.

पण रिंग नवी आणि सिलिंडर नवा, एवढ्याने भागत नाही. डोळ्यांना आरशासारखा दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ मुलखासारखा दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकतात ते फक्त शिखरांवर. अमेरिकेत ॲबट आणि फायरस्टोन यांनी १९३३ साली ही शिखरे झिजत जातात तसतसा टेकणारा भाग किती वाढतो, हे आलेखाने मांडले. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी १९५० साली घर्षणावर ग्रंथ लिहिला. धातूंचा खरा स्पर्श दिसतो त्याच्या अगदी थोड्या भागात होतो आणि तिथे दोन्ही धातू क्षणभर चिकटतात, हे त्यांनी दाखवून दिले.

रनिंग-इन म्हणजे ही शिखरे जपून झिजवणे. बोअर करून झाल्यावर सिलिंडरला होन मारतात, त्याच्या तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा राहतात. रेघांच्या खाचांत तेल टिकते आणि त्यांचे माथे रिंग हळूहळू सपाट करते. घाई केली तर माथे तापतात, चिकटतात, ओरखडे पडतात. उलट इंजिन नुसतेच गोंजारले, कधी भार दिलाच नाही, तर रिंग भिंतीवर नीट दाबली जात नाही. भिंतीला चकाकी येते आणि दाब कायमचा गळत राहतो. तेव्हा रनिंग-इन म्हणजे फक्त हळू चालवणे नव्हे. भार द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. आणि मध्ये गार होऊ द्यायचे.

हे सगळे ग्रंथ न वाचता ज्यांना ठाऊक होते ते आमचे शहापुरातले मेस्त्री. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि इंजिनाच्या भागांची नावे इंग्रजी, अशी त्यांची भाषा.

आणि गाडी म्हणजे जावा. फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' झाले. आपल्याकडे इराणी कुटुंबाच्या 'आयडियल जावा' कंपनीने १९६१ पासून मैसूरला ही गाडी बनवायला सुरुवात केली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव मैसूर राज्यात घातले गेले, त्याचा सल आमच्या घरात कायम होता. पण त्याच मैसूरहून आलेल्या या गाडीवर तात्यांचा जीव होता. दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या.

जावाचे इंजिन टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचे, मूळ बोअर ६५ मिलिमीटर. अशा इंजिनात पिस्टनला वंगणासाठी वेगळे तेल नसते; पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच त्याला मिळते. म्हणजे पेट्रोल बंद तर तेल बंद. इथेच माझी चूक झाली.

१९७४ च्या दिवाळीआधी तात्यांनी बोनसमधून इंजिन बांधून घेतले. मेस्त्रींनी मला समोर उभे करून सांगितले, "हे बघ बाळा, पहिले ५०० किलोमीटर काटा चाळीसच्या वर नको. २० लिटरला एक लिटर तेल. एकाच वेगात लांब पळवू नको. आणि उताराला रेस बंद करून गिअरात सोडू नको. मधनं मधनं थोडी रेस देत जा, नाहीतर क्लच धर."

मी एकोणीस वर्षांचा. ऐकले सगळे, ध्यानात ठेवले अर्धे.

भाऊबीजेला तात्या दरवर्षी सावंतवाडीला आत्याकडे जात. गाडी जेमतेम १२० किलोमीटर चालली होती. ते एस.टी.ने जाणार होते. मीच हट्ट धरला. निघायला उशीर झाला. शिनोळीच्या पुढे मी काटा साठाला नेला. तात्या मागून एकदाच म्हणाले, "अरे, हळू." आंबोलीचा घाट लागला तेव्हा ऊन कलले होते. रेस पूर्ण सोडली, ब्रेक वाचावेत म्हणून गिअर तसाच ठेवला आणि गाडी उतारावर सोडली. चाक इंजिनाला फिरवत होते, इंजिन वेगाने फिरत होते, आणि आत तेलाचा थेंब जात नव्हता. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. नव्या कामात फट आधीच बेताची असते. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागचे चाक एकदम अडले. टायर किंचाळला. क्लच कसा दाबला गेला मला माहीत नाही. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली.

तात्या उतरले. आधी त्यांनी मला चाचपून पाहिले, मग दरीकडे पाहिले. गाडीकडे पाहिलेच नाही.

एका ट्रकवाल्याने गाडीसकट आम्हाला खाली आणले. आत्याकडे पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. ताटातले निरांजन तिने दोनदा तेल घालून जागते ठेवले होते. ओवाळून घेताना तात्या तिला एवढेच म्हणाले, "उशीर माझ्यामुळे झाला."

मेस्त्रींनी सिलिंडर काढून मला दाखवला. पिस्टनचे ॲल्युमिनियम भिंतीला फासले गेले होते, रिंगा खाचांत गच्च बसल्या होत्या. पुन्हा बोअर, पुन्हा मोठा पिस्टन. ते रागावले नाहीत. म्हणाले, "गेलेलं बीड परत येत नाही. बोअर मोठं करायलाही हद्द असते." तात्यांनी पैसे पुढच्या पगारातून दिले. आयुष्यात पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. याची खंत आता जास्त वाटते.

मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ साली जावाचे नाव नव्या मालकांनी नव्या इंजिनासह परत आणले. आता अनेक गाड्यांत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो, होनिंग कारखान्यातच फार बारीक होते. तरी पुस्तिकेत पहिल्या काही शे किलोमीटरचा परिच्छेद अजून छापलेला असतो. जुनी बांधलेली इंजिने तर तो परिच्छेद विसरू देत नाहीत.

आमच्या जावाच्या सिलिंडरला आता नवी स्लीव्ह बसवली आहे. बोअर पुन्हा ६५ मिलिमीटर. जे तेव्हा मी घालवले ते पुतण्याने भरून आणले, असे म्हणायला हरकत नाही. रोज सकाळी मी खानापूर रस्त्याला थोडे जाऊन येतो. आज काट्यावर ३१२ झाले.

आत्या आता नाही, पण तिच्या मुलाने भाऊबीजेला सगळ्यांना बोलावले आहे. पुतण्या म्हणतो, गाडीनेच जाऊ. मी म्हटले, तोवर उरलेले १८८ किलोमीटर झाले तर जाऊ. नाही झाले, तर सावंतवाडीला एस.टी. आहे.