अनुबोधपट-महोत्सवाचा सेवकवर्ग : इतिहासलेखनातील एक उपेक्षित बाजू

चित्रपटमहोत्सवाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की उद्घाटनाचे वर्ष, सहभागी राष्ट्रांची संख्या, परीक्षकांची नावे आणि पारितोषिके ह्यांची जुळवाजुळव करावयाची, असा प्रघात पडून गेला आहे. ही साधने सहज हाती येतात, कारण महोत्सवाची पुस्तिका बहुधा जपून ठेवली जाते. परंतु पुस्तिकेत छापलेला चित्रपट ठरल्या वेळी पडद्यावर आला, ह्यामागे ज्यांचे हात होते त्यांच्याविषयी ही पुस्तिका मौन बाळगते. डबे उतरवून घेणारा, रिळे तपासणारा, यंत्र चालविणारा, सरकारी सूटपत्रांचा पाठपुरावा करणारा, दाराशी उभा राहणारा, असा हा सेवकवर्ग हुकमाचा ताबेदार तेवढा होता, की महोत्सवाचे स्वरूप घडविण्यात त्याचाही वाटा होता, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. चित्रपट कोण दाखवितो ह्यावर तो कोणापर्यंत पोहोचतो हे पुष्कळ अंशी अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विवेचनाला एक स्थिर मोजमाप हवे, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव चिंतामणी गणेशाच्या क्षेत्रामुळे विदर्भात सर्वपरिचित आहे. भोवतालचा मुलूख कापसाचा. रेल्वे येथे पोहोचली ती २०२४ साली, वर्धा-कळंब मार्ग सुरू झाल्यावर. अशा गावाच्या बाजूने पाहू गेल्यास महोत्सवाच्या इतिहासातील काही गोष्टी, ज्या मुंबईहून दिसत नाहीत, त्या स्पष्ट दिसू लागतात.

१

आरंभी चित्रे घेणारा आणि ती दाखविणारा ह्यांत भेद नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्यांनी हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. आणि केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मुंबईस परत आले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. वास्तवाचे चित्रण हाच अनुबोधपटाचा गाभा मानला, तर आपल्याकडील अनुबोधपटाची परंपरा कथापटाहून जुनी ठरते. ह्या परंपरेतील पहिला सेवक हा स्वतः चित्रकारच होता.

दादासाहेब फाळके ह्यांचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. परंतु त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा एक छोटा पट तयार केला होता आणि तो दाखवून भांडवल उभे करण्याचा प्रयत्न केला होता. सरस्वतीबाई फाळके ह्यांनी कोऱ्या फितीच्या कडेला छिद्रे पाडण्यापासून रसायने कालविण्यापर्यंतची कामे केली. आज ज्या कामांना आपण तांत्रिक सेवा म्हणतो, ती घरातल्या माणसांनी, घरकाम सांभाळून केली. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत मात्र अशा श्रमांना स्थान मिळण्यास फार काळ लागला. महोत्सवाच्या पुस्तिकेचे मौन हे त्याच सवयीचे पुढचे रूप होय.

२

स्वातंत्र्योत्तर काळात ही स्थिती पालटली. १९४८ मध्ये केंद्र सरकारने मुंबईस फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली आणि अनुबोधपटांची निर्मिती व वितरण हे एका खात्याचे नित्यकर्म झाले. ह्याच खात्याच्या संयोजनाखाली २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सवास आरंभ झाला. सुमारे ४० कथापट आणि सुमारे १०० लघुपट त्यात होते. पुढे हा महोत्सव दिल्ली, मद्रास व कलकत्ता ह्या शहरांतही नेण्यात आला. ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘राशोमोन’ ह्या कथापटांनी आपल्या चित्रकर्त्यांवर केलेला परिणाम पुष्कळदा सांगितला गेला आहे. त्या १०० लघुपटांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वस्तुतः सेवकवर्गाच्या दृष्टीने पाहता खरा भार त्यांचाच होता.

तो का, हे समजण्यासाठी यंत्राची रीत ध्यानात घेतली पाहिजे. ३५ मिलिमीटरची फीत सेकंदाला २४ चित्रे ह्या गतीने, म्हणजे मिनिटाला ९० फूट, यंत्रातून सरकते. २,००० फुटांचे रीळ सुमारे २२ मिनिटांत संपते. म्हणून केबिनमध्ये दोन यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली असत. रीळ संपत आले की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसे. तो दिसताच ऑपरेटरने दुसऱ्या यंत्राची मोटार चालू करावयाची. त्यानंतर सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका येई. त्या क्षणी पहिल्या यंत्राचा प्रकाश झाकून दुसऱ्याचा उघडावयाचा. हे नीट साधले तर प्रेक्षकाला काहीच कळत नाही, आणि चुकले तर ते सर्व सभागृहाला कळते.

नेहमीच्या चित्रपटगृहात एकच कथापट आठवडेच्या आठवडे चाले. त्याचे जोड कोठे कच्चे आहेत, ध्वनी कोठे बसतो, हे ऑपरेटरला दोन-चार दिवसांत पाठ होई. महोत्सवात ही सवलत नाही. तेथे बहुतेक चित्रपट एकदा किंवा दोनदाच लागतो. त्यातही लघुपट दहा मिनिटांचा असला तर त्याची फीत अवघी ९०० फुटांची. म्हणजे दोन तासांच्या एका खेळात दहा-बारा निरनिराळ्या प्रती यंत्रावर चढवावयाच्या. त्यांतील काही ३५ मिलिमीटरच्या, काही १६ मिलिमीटरच्या; एकीची चौकट अरुंद, दुसरीची रुंद; एकीचे संवाद फ्रेंचमध्ये, दुसरीचे रशियनमध्ये. प्रत आली की ती हाताने उलगडून तपासावयाची, फाटलेली छिद्रे व सुटलेले जोड दुरुस्त करावयाचे, आणि खेळ झाल्यावर त्याच क्रमाने डब्यात भरून पुढच्या गावी रवाना करावयाची. ज्वालाग्राही नायट्रेट फितीची जागा सुरक्षित फीत १९५० च्या सुमारास घेऊ लागली होती. पण जुन्या प्रती चालू असेपर्यंत केबिनमधील माणसाला आगीचे भान सोडता येत नव्हते. अनुबोधपटांचा महोत्सव हा अशा प्रकारे कथापटांच्या महोत्सवाहून सेवकांवर अधिक अवलंबून असतो.

३

१९५२ साली कळंब हे मुंबई राज्यात नव्हते. यवतमाळ जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला १९५६ मध्ये, आणि महाराष्ट्र राज्य झाले १९६० मध्ये. मुंबईचा महोत्सव हा त्या अर्थी परराज्यातील घटना होती. तथापि गावोगावी अनुबोधपट नेणारी एक दुसरी व्यवस्था ह्याच सुमारास उभी राहिली. पंचवार्षिक योजनेच्या प्रचारासाठी १९५३ मध्ये केंद्र सरकारने ३२ फिरती पथके स्थापन केली. १९५९ मध्ये त्या संघटनेला क्षेत्रीय प्रचार संचालनालय हे नाव मिळाले. गाडी, १६ मिलिमीटरचे प्रक्षेपणयंत्र, जनित्र, ध्वनिवर्धक आणि घडीचा पडदा असा ह्या पथकांचा सरंजाम असे. गाडी अंधार पडण्यापूर्वी गावात यावयाची, मोकळ्या जागी पडदा ताणावयाचा, जनित्र सुरू करावयाचे आणि खेळापूर्वी चार शब्द बोलावयाचे, ही सर्व कामे मोजकी माणसेच करीत.

येथे एक गोष्ट लक्षणीय वाटते. महोत्सवाचे सेवक आणि ह्या गाडीवरील सेवक एकाच माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या छत्राखालचे. दोघांच्याही हाती अनुबोधपटच. परंतु महोत्सवात प्रेक्षक कार्यक्रमपत्रिका पाहून निवड करी, आणि गावात जे डब्यात असेल ते पाही. निवड शहराकडे गेली आणि गाडी गावाकडे गेली. गावकऱ्यांच्या प्रतिक्रिया वरिष्ठांना कळविणे हेही फिरत्या पथकांचे काम होते, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. पण कोणता पट दाखवावयाचा हे ठरविण्याचा अधिकार गावाला नव्हता आणि गाडीवरच्या माणसालाही नव्हता. कळंबसारख्या गावाचा अनुबोधपटाशी संबंध आला तो ह्या मर्यादेत. हे संचालनालय २०१७ मध्ये दुसऱ्या कार्यालयांत विलीन झाले.

४

दाखविण्याच्या अधिकाराचा प्रश्न पुढे कायद्याच्या वाटेने ऐरणीवर आला. १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र आवश्यक आहे. मात्र नवव्या कलमान्वये केंद्र सरकार सूट देऊ शकते, आणि महोत्सव चालतात ते ह्या सुटीच्या आधारावर. त्यामुळे चित्रपटांची यादी मंत्रालयाकडे पाठविणे आणि सूट वेळेत मिळविणे हे महोत्सव-कार्यालयातील एक कळीचे काम होऊन बसले. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या चार शहरांवरील लघुपटाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये पूर्वपरीक्षण घटनेशी विसंगत नसल्याचा निर्णय दिला. हा खटला एका अनुबोधपटावरून उद्भवला, हे विसरता कामा नये.

१९९० मध्ये फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत अनुबोधपट, लघुपट व चैतन्यपट ह्यांच्यासाठी दर दोन वर्षांनी भरणारा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. परदेशी चित्रपटांना ही अट नव्हती. देशभरच्या अनुबोधपटकारांनी एकत्र येऊन विरोध केला आणि अट मागे घेण्यात आली. परंतु पुढे निवडीत अनेक राजकीय आशयाचे पट वगळले गेले, असा चित्रकर्त्यांचा आक्षेप होता. त्यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये, सरकारी महोत्सवाच्या काळातच, प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा पर्यायी महोत्सव भरविला.

‘विकल्प’चे महत्त्व सामान्यतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संदर्भात सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने त्यात आणखी एक घटना घडली : चित्रकर्ता पुन्हा सेवक झाला. सभागृह मिळविणे, वेळापत्रक आखणे, यंत्र जोडणे, पडद्यासमोर खुर्च्या मांडणे ही कामे चित्रपट करणाऱ्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः उचलली. शंभर वर्षांपूर्वी सावेदादांच्या ठायी जे दोन व्यवसाय एकत्र होते ते येथे पुन्हा एकत्र आले. ह्याला तंत्राचीही साथ होती. जड डब्यांऐवजी चित्रफीत आणि तबकडी आली होती. दोन यंत्रे, प्रखर दिवा आणि परवानाधारक ऑपरेटर ह्यांच्यावाचून खेळ होऊ शकत होता. राकेश शर्मा ह्यांच्या ‘फायनल सोल्यूशन’ ह्या पटाला त्याच वर्षी परीक्षण मंडळाने काही काळ प्रमाणपत्र नाकारले, तेव्हा प्रत घेणाऱ्याने आणखी प्रती काढून वाटाव्या, अशी मोहीम चालविण्यात आली. प्रेक्षकच वितरक झाला. अर्थात ह्या सुलभतेची किंमत होती : ऑपरेटरचे कौशल्य निरुपयोगी ठरू लागले, आणि स्वयंसेवेवर चालणाऱ्या महोत्सवात सेवकाच्या वेतनाचा प्रश्न मागे पडला. फुकट केलेले काम हे तत्त्वासाठी केलेले असले तरी ते कामच असते. त्याची नोंद ठेवणे हा इतिहासकाराचा धर्म आहे.

५

आता पुन्हा कळंबकडे वळू. गेल्या काही दशकांत यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले. ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा दीपा भाटिया ह्यांचा पट पत्रकार पी. साईनाथ ह्यांच्या कार्याच्या अनुषंगाने विदर्भातील शेतीसंकट मांडतो. नंदन सक्सेना व कविता बहल ह्यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ (२०११) कापूसकरी शेतकऱ्यांवर आहे. असे पट देशोदेशीच्या महोत्सवांतून फिरतात. पण जो मुलूख पडद्यावर आहे तो सभागृहात कितपत आहे, हा प्रश्न महोत्सवाच्या पुस्तिकेला पडत नाही. चित्रपटाचा विषय होणे आणि त्याचा प्रेक्षक होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यामधील अंतर कोणी तरी पट घेऊन येऊनच मिटवावे लागते. एकेकाळी हे काम फिरत्या पथकाने, निवडीचा अधिकार नसताना, केले. ‘विकल्प’ने निवडीचा अधिकार सेवकाच्या हाती दिला, पण मुख्यतः शहरात. ह्या दोन परंपरा एकत्र आल्या, म्हणजे निवड आणि गाडी एकाच गावात पोहोचली, तरच अनुबोधपट आपल्या विषयाला उत्तरदायी होईल.

२०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. अशा स्थित्यंतराच्या वेळी चित्रपटांच्या प्रती जपण्याची चिंता साहजिकच होते. परंतु प्रती पाठविल्याच्या नोंदवह्या, पथकांच्या दौऱ्यांच्या दैनंदिन्या, ऑपरेटरांचे परवाने, स्वयंसेवकांची वेळापत्रके ही साधनेही तितकीच नाजूक आहेत, आणि रद्दीत जाण्याचा धोका त्यांना अधिक आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना ह्या बाजूचा विचार करावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कळंबच्या वा शेजारच्या एखाद्या गावच्या वृद्ध रहिवाशाला, पडदा कोठे ताणला जाई, जनित्राचा आवाज कोठवर येई, गाडीवरचा माणूस प्रथम काय बोले, आणि खेळ संपल्यावर लोक त्याला काय विचारीत, एवढे चार प्रश्न विचारले तरी काम सुरू होईल. ह्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारी पिढी वयोवृद्ध आहे. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.