मूंग्याच्या भिंती आणि दोन मैल पाणी

माझा भाचा क्रूझ जहाजावर नोकरी करतो. रत्नागिरीकडच्या आमच्या कितीतरी मुलांचं हेच झालंय. आजोबा गलबतावर होते, नातू क्रूझवर. मध्यंतरी त्याचं जहाज कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटाला लागलं. सुट्टीच्या दिवशी तो शेजारच्या सेंट जॉन बेटावर सहलीला गेला आणि त्यानं मला फोटो पाठवले. तोंडाला नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, खाली निळं पाणी, पाण्यात गवत खाणारं कासव. “मामू, जन्नत आहे इथं,” त्यानं लिहिलं होतं. एका फोटोत पडक्या दगडी बुरुजासारखं काहीतरी दिसत होतं. त्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. तो फोटो पाहून मी वाचायला बसलो.

सेंट जॉन हे जेमतेम पन्नास चौरस किलोमीटरचं बेट. आज ते अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि त्याचा अर्ध्याहून जास्त भाग राष्ट्रीय उद्यान आहे. सहलीचा दिवस ठरलेला असतो. सकाळी बोटीनं क्रूझ बे गाठायचं, मग ट्रंक बे, सिनॅमन बे, माहो बे असं किनाऱ्यामागून किनारा करत जायचं. ट्रंक बेला पाण्याखाली चक्क पायवाट आखलेली आहे. तळाशी पाट्या बसवल्या आहेत आणि पोहत पोहत त्या वाचायच्या. गाईड पहिला नियम सांगतो : मूंग्याला, म्हणजे प्रवाळाला, हात लावायचा नाही. 2020 पासून तर प्रवाळाला अपाय करणारी काही रसायनं असलेलं सनस्क्रीनही तिथं चालत नाही.

नियम योग्यच आहे. पण भाच्याच्या फोटोतला तो बुरुज म्हणजे ॲनाबर्गच्या ऊसमळ्यातली पवनचक्की आहे, आणि तिच्या भिंतींत दगड-विटांबरोबर हेच प्रवाळ बसवलेलं आहे. गुलामांनी समुद्रात उतरून ते काढलं आणि डोक्यावरून वर वाहून नेलं. आज लोक ज्या पाण्यात हौसेनं उतरतात, त्यात माणसं पूर्वी हुकमानं उतरत होती.

चक्कीत ऊस पिळायचा, रस पन्हळीनं खाली उतरवायचा आणि एकापुढे एक मांडलेल्या लहान होत जाणाऱ्या काहिलींत आटवायचा. आपल्याकडं गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की तिथं राबणारा माणूसही मालकाच्या मालमत्तेच्या यादीत असायचा. आणि ज्या पदार्थासाठी हे सगळं चाललं होतं, त्याचं नाव आपल्याकडून गेलेलं. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर आणि डॅनिश भाषेत सुकर!

डॅनिश, कारण हे बेट 1718 पासून डेन्मार्कचं होतं. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला वखार मांडून बसलेला हाच तो डेन्मार्क. भारतातलं सुती कापड युरोपमार्गे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई आणि त्याच्या बदल्यात माणसं विकत घेतली जात. त्या व्यवहारात आपल्या विणकरांचा धागा आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

1733 साली बेटावर दुष्काळ पडला, वादळ झालं, किडीनं पीक खाल्लं. वर गव्हर्नर गार्डेलिननं पळणाऱ्या गुलामांसाठी अवयव तोडण्यापर्यंतच्या शिक्षा जाहीर केल्या. 23 नोव्हेंबरला काही गुलाम नेहमीसारखे लाकडाच्या मोळ्या घेऊन कोरल बेच्या किल्ल्यात शिरले. मोळ्यांत ऊस तोडायचे कोयते होते. किल्ला पडला, तोफेचे बार झाले आणि तो इशारा मिळताच मळ्यामळ्यांत उठाव झाला. गोरे दोनशेच्या आसपास, गुलाम हजारावर. सुमारे सहा महिने बेटाचा मोठा भाग त्यांच्या हातात होता. शेवटी मार्टिनिकहून फ्रेंच फौज आणून बंड मोडलं.

बंड करणारे बरेचसे अक्वामू होते. आजच्या घानामधलं हे एक बलाढ्य राज्य. एकेकाळी ते स्वतःच शेजाऱ्यांना पकडून विकत होतं. 1730 मध्ये हरलं आणि त्याचेच लोक त्याच जहाजांत चढवले गेले. हा तपशील अडचणीचा आहे म्हणून गाळावा, असं मला वाटत नाही. मुलांना शिकवताना तर मुळीच नाही.

आता सहलीचा शेवटचा टप्पा. ॲनाबर्गच्या खालीच लेन्स्टर बे आहे. तिथं वॉटरलेमन के नावाच्या चिमुकल्या बेटाभोवती पोहायला लोक गर्दी करतात. पाण्यातून डोकं वर काढलं की समोर टोर्टोला दिसतं. अंतर दीड-दोन मैल. टोर्टोला इंग्रजांचं होतं. इंग्रजांनी 1834 मध्ये गुलामी रद्द केली आणि उमेदवारीच्या नावाखाली चाललेली वेठही 1838 मध्ये संपली. डेन्मार्कनं मात्र ती चालूच ठेवली. म्हणजे दहा-चौदा वर्षं अशी गेली की रात्री काहिलीखाली जाळ घालणाऱ्या माणसाला पलीकडच्या डोंगरावर आझाद माणसांचे दिवे दिसत होते. मे 1840 मध्ये ॲनाबर्ग आणि लेन्स्टर बेच्या मळ्यांवरून अकरा जण निसटले आणि टोर्टोलाला पोचले. त्यांच्याआधी आणि नंतरही लोक जात राहिले; कुणी होडीनं, कुणी मिळेल त्या लाकडाच्या आधारानं. डॅनिश गस्तीच्या नावा खाडीत फिरत. सगळेच पोचले नाहीत.

3 जुलै 1848 रोजी शेजारच्या सेंट क्रॉय बेटावर हजारो गुलाम फ्रेडरिकस्टेडच्या किल्ल्यासमोर जमले आणि गव्हर्नर फॉन शोल्टेनला तिथल्या तिथं मुक्ती जाहीर करावी लागली. मग मजूर कमी पडू लागले, तेव्हा 1863 मध्ये कलकत्त्याहून एका जहाजानं तीनशेवर हिंदी मजूर सेंट क्रॉयवर नेले. मुदत संपल्यावर त्यांतले बहुतेक परतले. 1917 मध्ये डेन्मार्कनं ही बेटं अडीच कोटी डॉलरला अमेरिकेला विकली. रहिवाशांचं मत निर्णायक धरलं नाही. रॉकफेलर घराण्यातल्या लॉरन्स रॉकफेलरनं इथं पाच हजारांवर एकर जमीन घेऊन दान केली आणि 1956 मध्ये उद्यान झालं. चक्की त्यामुळेच उभी राहिली.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामू, आम्हाला पलीकडं जायचं होतं, पण गाईड म्हणाला, तिकडं ब्रिटिश हद्द आहे. पासपोर्ट लागेल.”