एक्झिफ

डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने चित्रासोबत नोंदवलेली तांत्रिक माहिती व ती साठवण्याचे प्रमाणित स्वरूप. जपानमधील ‘जेइडा’ या इलेक्ट्रॉनिक उद्योग संघटनेने ते १९९५ मध्ये ठरविले. नोंदींची मांडणी टिफ स्वरूपाच्या धर्तीवर असते. जेपेग फाइलमध्ये (पहा : जेपेग) या माहितीला सुमारे ६४ किलोबाइटची मर्यादा आहे.

कॅमेऱ्याचे मॉडेल, शटरचा वेग, छिद्रांक, आयएसओ मूल्य, केंद्रांतर व फ्लॅशचा वापर या प्रमुख नोंदी होत. १/२५० म्हणजे शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडे होते, एफ/२.८ मध्ये छिद्र एफ/८ पेक्षा मोठे असते (पहा : छिद्रांक). हलल्यामुळे अस्पष्ट झालेल्या चित्राचे कारण बहुधा शटरच्या नोंदीतच सापडते. दिनांक-वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळावरून घेतली जाते, त्यामुळे घड्याळ चुकले की नोंदही चुकते. कालविभागाच्या नोंदीची सोय २०१६ च्या २.३१ आवृत्तीत झाली.

मोबाइलमधील स्थाननोंद सुरू असल्यास अक्षांश-रेखांशही साठतात (पहा : जीपीएस), छायाचित्र इतरांना पाठविताना खासगीपणाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे ठरते. या नोंदी साध्या सॉफ्टवेअरने बदलता किंवा पुसता येतात. म्हणून केवळ त्यांच्यावरून छायाचित्राची सत्यता सिद्ध होत नाही.