कुडाची कुळकथा

जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यांतला एक चैत्य गोल आहे. मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचं काम. नक्षी जवळजवळ नाही, त्यामुळे पाहणारे चटकन पुढे सरकतात. छताखाली उभं राहिलं की कळतं, ही गवतानं शाकारलेली गोल झोपडीच आहे, फक्त खडकात कोरलेली. लेण्याद्रीच्या चैत्यात कमानी छताच्या फासळ्याही दगडीच; भाज्याला त्या लाकडाच्या आहेत. दगडी फासळ्या कसलंच ओझं पेलत नाहीत. लाकडी घराची सवय, एवढंच त्यांचं काम.

पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचं, म्हणून लेणी. उन्हाळ्यासाठी शेजारी पाण्याची पोढी, म्हणजे खडकात कोरलेलं टाकं. जुन्नरच्याच मानमोडी लेण्यांतल्या लेखात, वर्ष 46, क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम यानं पोढी आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे.

झोपडीचा खरा वंश मात्र पश्चिमेला, आहुपे-भीमाशंकरकडच्या डोंगरात टिकला. महादेव कोळ्यांच्या जुन्या घरात भिंत म्हणजे कूड. तो कारवी या झुडपाच्या काठ्यांचा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळते. तिच्या सरळ काठ्या मेढींच्या, म्हणजे खांबांच्या, मधे दाटीनं उभ्या करायच्या, आडव्या बांबूच्या कांबींना बांधायच्या आणि शेणामातीनं लिंपायच्या. चुलीचा धूर वरच्या फटींतून निघतो, जाता जाता छपराचं गवत आणि माळ्यावरचं धान्य किडीपासून राखतो. मृग लागायच्या आत शाकारणी. पावसाच्या तोंडाला येणाऱ्या भिंतीला बाहेरून पेंढ्याचं किंवा पानांचं आवरण. घरात मग दिवसाही अंधार. पाऊस सरला की ते उतरतं, लिंपण नव्यानं होतं, दिवाळीच्या सुमारास भिंतीचा रंगच बदलतो. घराची सजावट म्हणायची तर ती हीच, आणि ती वेळापत्रकानं चालायची.

1985मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं, जंगलातून काठ्या तोडणं अवघड झालं. पुढे घरकुलं आली, वीट आणि पत्रा आला. पत्रा उन्हाळ्यात भाजतो, पावसात बोलू देत नाही. तरीही कुडाच्या आठवणीनं हळवं होणं मला जमत नाही. दरवर्षी शेण कालवून त्या भिंती लिंपायच्या त्या बहुतेक घरच्या बायकांनीच. आता रिसॉर्टच्या खोलीत शेणाच्या रंगाचं प्लास्टर दिसतं. ते सिमेंटचं असतं, आणि ते पुन्हा लिंपावं लागत नाही, म्हणूनच परवडतं.