हवापालट ते विपश्यना : ताणावरच्या जुन्या इलाजाची गोष्ट

"डॉक्टर, ईसीजी नॉर्मल आहे, मग छातीत धडधड कशाची?"

पंचेचाळिशी-पन्नाशीतले पेशंट हा प्रश्न नेहमी विचारतात. पनवेलहून रोजची हार्बर लोकल, घरी थकलेले आईवडील, मुलांची बारावी, घराचा हप्ता. बीपी, साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासून झालं की मी म्हणतो, "थोडं झाडांत फिरा, रोज थोडा वेळ शांत बसा." त्यावर समोरचा चेहरा असा होतो, जणू मी औषध लिहायला कंटाळलो! म्हणून आज या सल्ल्याचा इतिहास सांगतो.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी डॉक्टरांकडे औषधं मोजकीच होती. बऱ्याच आजारांत ते 'हवापालट' सांगत. त्याचं ठिकाण आपल्या शेजारीच आहे. मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पनवेल-पुणे रस्त्यावरच्या चौक गावाहून डोंगर चढले आणि त्यांनी माथेरान 'शोधलं'. (ठाकर, कातकरी, धनगर तिथे आधीपासून होतेच, पण सरकारदरबारी त्यांचा शोध मोजत नसावेत.) पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात तिथे वस्ती वाढली आणि 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे नेली. उकाड्याने आणि तापाने बेजार झालेली माणसं तिथे जात. ताण हा शब्द तेव्हा वैद्यकात आजच्या अर्थाने रुळलेला नव्हता. हान्स सेल्ये यांचा ताणावरचा पहिला शोधनिबंध 1936 चा. माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे माणूस आपोआप चालतो. माझ्या मते तिथल्या हवेइतकंच श्रेय त्या चालण्याला आहे.

दुसरा धागा एका डोकेदुखीचा. ब्रह्मदेशातले उद्योगपती सत्यनारायण गोएंका यांना तीव्र मायग्रेन होतं. वेदनेसाठी मॉर्फिन घ्यावं लागे. ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. हे गुरू सरकारी हिशेब खात्यातले मोठे अधिकारी! डोकेदुखी बरी करायला आलो, असं गोएंकांनी सांगताच गुरूंनी नकार दिला, कारण ही साधना एवढ्यासाठी नाही. अखेर 1955 मध्ये ते पहिल्या शिबिराला बसले. 1969 साली, पंचेचाळिशीत, ते भारतात आले आणि मुंबईत शिबिर घेतलं. 1976 मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं.

गुरूंनी जे नाकारलं, ते पुढे दवाखान्यात झालंच. 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानातला धार्मिक भाग बाजूला ठेवून, जुनाट दुखण्याच्या आणि ताणाच्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम बसवला. 1982 मध्ये जपानच्या वनखात्याने रानात निवांत फिरण्याला 'वनस्नान' अशा अर्थाचं नाव दिलं. 1984 मध्ये रॉजर उलरिच यांचा अभ्यास आला: पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, ते पेशंट भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, वेदनाशामकंही कमी लागली. पेशंट फक्त 46, म्हणून मी हे पुराव्याचं शेवटचं टोक मानत नाही.

शरीरात घडतं ते साधं आहे. श्वास सावकाश, लांब सोडला की व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती जरा उतरवतो. ताणात याच्या उलट चालू असतं.

आता काळजीचं. छातीत दुखलं तर आधी ईसीजी, कर्नाळा नंतर. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गंभीर नैराश्य किंवा इतर मानसिक आजार असेल तर दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा.

बाकी कर्नाळा पक्षी अभयारण्य 1968 पासून आपल्या उंबऱ्यावर आहे. मीही पन्नाशी ओलांडली आहे आणि रविवारी सकाळी तिथे जातो. मोबाईल गाडीत ठेवायला अजून जमलेलं नाही, सायलेंटवर असतो.