दुग्धज्वर : नाव, निदान व उपचार

लाल कंधारी व देवणी ह्या नांदेड-लातूरकडील गायी बेताच्या दुधाच्या. विदेशी रक्ताच्या संकरित गायी आल्या, तशी व्याल्यानंतर कासेकडे जाणाऱ्या कॅल्शियमची ओढ वाढली आणि दुग्धज्वर वेळीच ओळखणे अगत्याचे झाले. नाव मात्र फसवे : कान गार पडतात, तपमान बहुधा उतरते, गाय मान कुशीवर टाकून बसते. उपचाराचा इतिहासही असाच उफराटा. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील पशुवैद्य श्मिट ह्यांनी, कासेत विष उपजते असे मानून, सडांतून पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण सोडले; पुढे नुसती हवा भरूनही गायी उठू लागल्या. उपाय खरा, उपपत्ती खोटी! रक्तातील कॅल्शियम घटते, हा सिद्धान्त ड्रायर व ग्रेग ह्यांनी १९२५ मध्ये मांडला; हवेच्या दाबाने दूध उतरणे थांबून ते रक्तातच राहत असे. आता शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देतात, तेही सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत.