खरजाची तार

तंबोऱ्याला तारा चार. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे जोडाच्या, आणि शेवटची जाड पितळी तार खरजाची. खरज म्हणजे तोच षड्ज, पण एक सप्तक खाली. जोडाची तार सेकंदाला १४० आंदोलने घेत असेल, तर खरजाची ७०. एकच स्वर दोन सप्तकांत बांधण्याची ही रीत दूरदेशीही आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकगायक लेडबेली (मृत्यू १९४९) बारा तारांची गिटार वाजवीत. अशा गिटारीत जाड तारांशेजारी सामान्यतः वरच्या सप्तकातील बारीक तार असते. आपल्या गोंधळ्याचे तुणतुणे मात्र एकाच तारेवर भागवते.

जुळलेल्या खरजातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. तारेच्या मूळ आंदोलनांच्या पाचपट, म्हणजे ३५०, हा तो स्वर. चर्चमधल्या आपल्या पेटीवर तोच गंधार सुमारे ३५३ भरतो. फरक अल्प खरा, पण कान लावून ऐकणाऱ्यास तो खुपतो.

हाच फरक सातारा-सांगलीकडील दोन गृहस्थांना अस्वस्थ करून गेला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. साताऱ्यास न्यायाधीश असलेल्या ई. क्लेमंट्स यांनी १९१३ साली आपला ग्रंथ काढला. प्रयोगासाठी गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. श्रुतींची खास पेटीही घडविण्यात आली. ती रुळली नाही. रुळणार तरी कशी? खरजाची एक तार जे सहज देते, ते मिळवण्यासाठी केवढा खटाटोप!

ती तार बोलकी करणारे हात जवळच मिरजेत होते. मराठेशाही १८१८ साली मावळली, साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम आटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यातील फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचे. अब्दुल करीम खाँसाहेबही पुढे मिरजेचेच झाले. १९३७ साली ते वारले. त्यांची कबर तेथील दर्ग्याच्या आवारात आहे.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे, पण विजेवर चालणारा तंबोरा घरोघरी पोहोचल्यावर जवारी काढायला शिकणार कोण? घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवायचा, खरज छेडायचा आणि गंधार उमटेपर्यंत थांबायचे. हे काम आजही कानानेच होते.